या, बसा, घर आपलंच आहे

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

आलो बाई एकदाच्या देवळालीत! नगरहून टेम्पो निघाला तेव्हा सामानापेक्षा दोरखंडच जास्त दिसत होता. एक खाट, स्टोव्ह, दोन पेट्या, बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो माझ्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध महाराणीसारखी बसलेली आमची प्रज्ञा. वाटेत उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली की ओरडायची, जयू, ऊस! टेम्पोवाल्याला वाटलं मी तिची मावशीच.

त्याचं काय चुकलं? प्रज्ञाचे बाबा मुंबईला दुसरा संसार थाटून बसले तेव्हा ही रांगत होती. मी नोकऱ्या शोधत आणि क्लास करत हिंडले, पोर वाढली माझ्या आईकडे. त्यामुळे आजीला ती 'आई' म्हणते आणि मला घरातली सगळी म्हणतात तसं 'जयू'. मी हसून सोडून देते. पण हसायला काय, लागतं ते लागतंच. आता पाच वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका छपराखाली राहणार. ह्या घरात ती मला आई म्हणायला शिकेल, एवढंच माझं मागणं आहे.

खोली विमलबाईंच्या माडीवर. खाली त्या एकट्या आणि दोन म्हशी. समोर कालवा, पलीकडे ऊसच ऊस. नगरला आडनाव ऐकून खोली कालच गेली म्हणणारे मी पोटभर पाहिलेत. विमलबाईंनी बाबासाहेबांचा फोटो पाहिला, जय भीम घातला आणि खिळा ठोकायला स्वतःच हातोडी घेऊन वर आल्या. त्यांच्याही घरी भिंतीवर तोच फोटो आहे. म्हणाल्या, कॉम्पुटरची बाई हाय म्हनं, लई शिकल्याली, पर स्टो पेटवता येतोय का न्हाई? आला हो पेटवता. तिसऱ्या काडीला.

१७ नोव्हेंबर, बुधवार

कमरुद्दीनभाईंचा एसटीडी बूथ स्टँडजवळ, आणि वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास. इंटरनेट एकाच मशीनवर, तेही खाली गिऱ्हाईक नसेल तेव्हा, कारण फोनची लाईन एकच. मी मोडेम लावला आणि त्याचं केकाटणं सुरू झालं की कमरुद्दीनभाई जिन्यातून ओरडतात, अहो मॅडम, फोनच्या पोटात दुखतंय!

माणूस मोकळा आहे, पण धंदेवाईक. मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की नव्या वर्षापर्यंत ॲडमिशन झाल्या तर क्लास राहील, नाहीतर मशीनं विकून झेरॉक्स टाकणार. म्हणजे माझं गाठोडं पुन्हा नगरला आणि प्रज्ञा पुन्हा आजीच्या पदराला. हे होऊ द्यायचं नाही.

इकडची जी मंडळी पुण्याला, दुबईला, अमेरिकेला गेलीत, त्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. अमेरिकेतल्या चेतन नावाच्या मुलानं काढलाय, तो इथलाच. सगळे जुने फोटो टाकतात आणि गळे काढतात. कमरुद्दीनभाईंचं म्हणणं, त्यातले चांगले फोटो घेऊन आपल्या क्लासचं एक वेबपेज करा, गावात बोलबाला होईल. कल्पना झकास आहे. विचारायचं कुणाला? ग्रुपवर टाकलंय म्हणजे सगळ्यांचंच की!

२१ नोव्हेंबर, रविवार

पान तयार झालं. स्वतःच्या हातानं केलंय म्हणून सांगत नाही, पण देखणं झालंय.

फोटो लावायच्या दोन रीती असतात. एक, फोटो ज्याच्या जागेत आहे तिथंच राहू द्यायचा आणि आपल्या पानातून नुसता पत्ता द्यायचा. दुसरी, फोटो उतरवून आणून आपल्या जागेत ठेवायचा. मी आधी पहिल्या रीतीनं केलं, कारण फुकटच्या पानाला जागा मिळते चिमूटभर. पण काल पाहते तर सगळ्यात वर लावलेला फोटो गायब, तिथं नुसता लाल फुलीचा चौकोन. चेतननं आपला फोटो काढून टाकला होता. मी मात्र तो आधीच फ्लॉपीवर उतरवून ठेवला होता. म्हटलं, आता माझ्या जागेत ठेवते, मग बघू कोण काढतंय!

फोटो त्यांच्या घरच्या कुठल्याशा बारशाचा आहे, वीसेक वर्षांपूर्वीचा. पाळण्याभोवती सगळं घर दाटीवाटीनं उभं, आणि कडेला एक बाई, कुणाच्यात नसलेली. हातात बोचकं. चेहरा मात्र असा मायाळू की बघत राहावं. बाकीची गर्दी कापून टाकली आणि तिला एकटीला मोठी करून पानाच्या अगदी वर बसवली. खाली लिहिलं: या, बसा, घर आपलंच आहे. त्याखाली माझं नाव आणि चौकशीसाठी पत्ता: विमलबाईंची माडी, कालव्याजवळ, देवळाली प्रवरा. क्लासचा पत्ता द्यायला हवा होता खरं तर, पण क्लास टिकला नाही तर घरी शिकवण्या तरी घेईन.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

चेतनची ईमेल आली. इतकी गोड की राग यावा. लिहितो, तो फोटो कृपा करून आपल्याकडे ठेवू नका. तो ग्रुपवर टाकला म्हणून त्याची आजी गोजरबाई फोनवर रडली, म्हणून त्यानं काढला. ती बाई म्हणजे आजीची नणंद, रंगुबाई. तिचा फोटो त्यांच्या घरात कुणी ठेवत नाही, भितात. त्याचा स्वतःचा विश्वास नाही म्हणे, पण आजीसाठी.

विश्वास नाही तर विनवण्या कशाला? आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा पाठ करून वाढलेय मी. असलं काही ऐकलं की माझं टाळकं सरकतं. आणि फोटो काढायचा तरी कसा? दुबईहून एकानं लिहिलंय, त्या बाईंना बघून माझी आई आठवली. कमरुद्दीनभाईंनी ते छापून काउंटरवर चिकटवलं. आज चार नवीन ॲडमिशन झाल्या. चेतनला उत्तर दिलं नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

विमलबाईंनी सकाळी विचारलं, पाव्हनी कवा आली? मी म्हटलं कोण पाहुणी? तर म्हणाल्या, काल तू कामावर गेल्तीस तवा माडीच्या कठड्याशी लुगडं वाळत घालत हुती की एक बाई. माझ्याकडे लुगडं एकच, आईचं, तेही पेटीत. म्हटलं म्हातारीची नजर गेली कामातून.

प्रज्ञा इथं रुळली. मी क्लासला जाते तेव्हा ती विमलबाईंकडे असते. पण विमलबाई म्हणतात, ही हल्ली खाली टिकतच न्हाई, वरच खेळत बसती, आन एकटीच बडबड करती. मुलं करतातच की. आज भातुकलीत तिनं तीन कप मांडले होते. तिसरा कुणाचा विचारलं तर म्हणाली, ती बसलीय, तिचा. मी त्या कपातला खोटा चहा पिऊन टाकला, तर केवढी रडली.

१ डिसेंबर, बुधवार

आजची तारीख दोनदा गिरवून लिहिली, आनंदानं!

सकाळी भाकरी थापत होते, पाठ दाराकडे. मागून प्रज्ञा म्हणाली, आई, बघ ना, माझी वेणी सुटली. आई! मला वाटलं तव्यावरची भाकरी जळाली तरी बेहत्तर. पिठाच्या हातानंच वळले, तिला जवळ घेतलं, मुके घेतले. ती जरा अंग चोरून उभी राहिली, माझ्या खांद्यावरून मागे कुठंतरी बघत होती. लाजली असेल. पीठ लागलं म्हणूनही असेल. मला काय त्याचं! पाच वर्षं ह्या एका शब्दासाठी झुरलेय मी.

संध्याकाळी पेढे आणले. कमरुद्दीनभाईंनी विचारलं कशाचे, तर सांगताना डोळे भरून आले. त्यांनी प्रज्ञासाठी बिस्किटांचा पुडा दिला.

३ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी लवकर सुटले. जिना चढताना आतून प्रज्ञाचं हसू ऐकू आलं. आणि, आई, आणखी एकदा सांग ना. आई, पुढं काय झालं?

मी जिन्यातच थांबले. मी तर बाहेर होते.

आत गेले तर पोर एकटी खाटेवर. केस विंचरलेले. तेल लावून, घट्ट, जुन्या पद्धतीच्या दोन वेण्या, लाल रिबिनी कानावर बांधलेल्या. मला अशा वेण्या घालता येत नाहीत. विमलबाईंना विचारलं, त्या दिवसभर शेतावर होत्या. प्रज्ञाला विचारलं कोणी घातल्या, तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी येड्यासारखं विचारतेय. म्हणाली, आईनं.

मी म्हटलं आई तर मी आहे. ती म्हणाली, तू जयू.

६ डिसेंबर, सोमवार

बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. प्रज्ञाला घेऊन त्रिशरण म्हटलं. स्वतःला बजावलं की भूतखेत काही नसतं, असली भीती डोक्यात घालून घेणं हा माझ्या बापाचा अपमान आहे. बाप माझा स्मशानाशेजारच्या पंपावर ड्युटी करायचा आणि शिट्टी वाजवत घरी यायचा.

मग खोलीतली एकेक गोष्ट तपासली. कुणीतरी शेजारची बाई येत असेल, मुलीचा लळा लागला असेल. कुलूप बदललं. विमलबाईंना सांगितलं कुणाला वर सोडू नका. त्या म्हणाल्या, अगं, तुझ्या घरच्याच बाईला मी कशी अडवू?

माझ्या घरची! मी भांडले त्यांच्याशी. त्या बिचाऱ्या गोंधळून बघत राहिल्या. नंतर वाईट वाटलं.

८ डिसेंबर, बुधवार

गोजरबाई स्वतः क्लासवर आल्या. काठी टेकत, धापा टाकत जिना चढल्या. चेतननं त्यांना फोनवर सांगितलं होतं की बाई ऐकत नाही.

मी त्यांना पान दाखवलं. फोटो पाहिला आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला. खाली काय लिहिलंय विचारलं. मी वाचून दाखवलं. या, बसा, घर आपलंच आहे. पत्ताही वाचला. म्हातारीनं खुर्ची ओढली आणि सांगू लागली.

रंगुबाईला नवऱ्यानं टाकली होती. पोटी मूल नव्हतं. बोचकं घेऊन ह्या भावाकडून त्या भावाकडे, तिथून चुलत्याकडे. जाईल तिथं पोरं सांभाळायची, वेण्या घालायची, गोष्टी सांगायची. आणि पोरं फार चिकटली की घरातली बाई म्हणायची, वन्सं, आता दुसरीकडं बघा. शेवटी गोजरबाईंनी काढली. दोन घरांच्या मधे, रस्त्यात मेली. घरी कुणी न्यायचं ह्यावरून तिथंही भांडण झालं. गोजरबाई सांगत होत्या, आमीच मारली तिला, दुसरं कुनी न्हाई.

नंतर मनाला खाल्लं म्हणून गोजरबाईंनी तिचा फोटो भिंतीला लावला. आणि ती आली. तेव्हापासून घरातले तिचे सगळे फोटो प्रवरेत सोडले. एक तेवढा चेतनच्या बापाच्या पेटीत तळाशी विसरून राहिला.

मी विचारलं, करते काय ती? वाईट काही करते का? गोजरबाई म्हणाल्या, न्हाई गं, वाईट कायबी न्हाई. ती फकस्त ऱ्हाती. फोटू ज्यानं लावला त्याच्याकडं ऱ्हाती. कुनी हाक मारेस्तवर पाव्हनी. नात्यानं हाक मारली की घरची. मग घरातल्या एकीला जागा सोडावी लागती. माझी थोरली सून गेली तशी.

सून कुठे गेली ते मी विचारलं. त्यांनी माझा हात धरून उलट विचारलं, कुनी हाक मारली का तिला? खरं सांग पोरी.

मी नाही म्हणाले.

९ डिसेंबर, गुरुवार

फोटो काढायचा म्हणून पहाटेच क्लास उघडला. फोन डेड. कालव्याकडं केबल तुटली म्हणे. कमरुद्दीनभाईंना म्हटलं राहुरीला जाऊन येते, तिथं इंटरनेट आहे. ते म्हणाले, एका फोटोसाठी? नवी बॅच बसलीय मॅडम, तुमची नोकरी त्या फोटोनं राखलीय आणि तुम्ही त्यालाच काढायला निघालात? मी थांबले. मी का थांबले?

प्रज्ञाला घेऊन नगरला जायला एसटीत बसले संध्याकाळी. तिनं स्टँडवर असा आकांत मांडला की लोक जमले. आईला सोडून येणार नाही, आईला सोडून येणार नाही. एक म्हातारा मला दरडावून म्हणाला, कुनाची पोर घिऊन चाललीस गं? उतरावं लागलं.

११ डिसेंबर, शनिवार

लाईन आली. काढला. माझ्या हातानं पुसला, फ्लॉपी मोडून कालव्यात फेकली. पानाच्या वर आता लाल फुली आहे. त्याखालची ओळ आणि पत्ताही पुसला. सुटले! घरी येताना रस्ताभर रडत आले, मोकळं वाटलं.

प्रज्ञा दारात होती. तिनं आत बघून सांगितलं, पाहुणी आली.

१२ डिसेंबर, रविवार

ताटं दोन वाढलेली होती. प्रज्ञाचं आणि — आणि मी उभी. भाकऱ्या मी केल्या नव्हत्या. माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. ती मला दिसत नाही, शपथेवर सांगते, एकदाही दिसली नाही. दिसली असती तर झिंज्या धरल्या असत्या. नुसती खोली भरलेली वाटते, मला बसायला जागा होत नाही. खाटेवर बसावं तर कुणीतरी बसलेलं असावं असं उबदार.

प्रज्ञाला जवळ घ्यायला गेले. तिनं हात मागे घेतला. परक्या बाईला घाबरतात तशी.

मी तिला म्हटलं, जयू आहे गं मी, तुझी जयू. निदान जयू तरी म्हण.

ती दुसऱ्या ताटाकडे सरकली.

१३ डिसेंबर, सोमवार

क्लासवर गेले. कमरुद्दीनभाई अदबीनं उठले. बसा म्हणाले. ॲडमिशन घ्यायचीय का, जयमाला मॅडम वर शिकवतायत, बॅच सुटली की बोलावतो. मी हसले. त्यांनाही वाटलं मी कशाला तरी हसतेय, तेही हसले. मी म्हटलं भाई, चेष्टा पुरे — मी जयमाला. त्यांचं हसू गेलं. हळू आवाजात विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? कुणाला फोन लावू?

नगरला लावला. माझ्या आईनं उचलला. आई, मी बोलतेय. ती म्हणाली, कोण मी? मी म्हटलं जयू. म्हणाली, जयूशी तर आत्ताच बोलले, प्रज्ञाला खोकला झालाय म्हणत होती — तुम्ही कोण?

खोकला झालाय. मला माहीत नव्हतं.

गोजरबाईंकडे जायला निघाले. त्यांचं घर — कुणी सांगेना. सगळे नीट बोलतात. सगळे पाणी देतात. मग विचारतात, पुढं कुठं जायचंय?

१४ डिसेंबर

विमलबाईंच्या अंगणात. नळाच्या ओट्यावर बसलेय. वही एवढी माझ्याकडे आहे, बाकी सगळं वर. वर जाता येत नाही. जिना आहे, पाय आहेत, पण — लाज वाटते. न बोलावता कुणाच्या घरी कसं जायचं? ही कसली लाज? घर माझं आहे. माझं.

वरून खोकला ऐकू येतोय. ओवा भाजल्याचा वास. कुणीतरी शेक देतंय तिला. बरं झालं. बरं झालं म्हणतेय मी, काय होतंय मला —

आई गं, म्हणतेय ती कण्हत. आई गं. तोंडाशी ओ आली, बाहेर पडत नाही.

विमलबाई आल्या. तांब्या ठेवला. चांगल्या आहेत, आधीपासूनच चांगल्या. म्हणाल्या, लई येळ बसलायसा, उन्हातान्हाच्या. पोरीची आई हाय वर, बलावू का? तुमी तिच्या कोन?

लिहितेय म्हणून थांबल्यात. उत्तराची वाट बघतायत. सांगते. आत्ता सांगते. विमलबाई, ऐका, मी प्रज्ञाची —